घड्याळ कुणाच्या मनगटावर, वेळ कुणाच्या मालकीची?

सकाळचे साडेपाच वाजले असतील. वस्तीच्या तोंडाशी झाडू घेऊन निघालेल्या एका मावशींना मी सहज विचारलं, "मावशी, किती वाजले?" त्यांच्या मनगटावर काळं, जाडजूड घड्याळ होतं. पण त्यांनी पिशवीतून मोबाईल काढला आणि त्यात बघून वेळ सांगितली. मी घड्याळाकडे बोट दाखवलं तर म्हणाल्या, "ह्यात मी नाही बघत बाळा. ह्यातून मला बघतात."

ते जीपीएसचं घड्याळ. मावशी बीट सोडून किती वेळ कुठे गेल्या, हे कार्यालयातल्या पडद्यावर दिसतं. चार्जिंग संपलं तर खाडा. बीटवर बायकांसाठी मुतारी नाही म्हणून दोन गल्ल्या पलीकडे गेलं तर मुकादमाचा फोन. रात्री घरी चार्जिंगला लावायचं, त्याचं वीजबिल मावशींचंच. हरवलं तर पगारातून कापून घेणार, हे देतानाच सांगितलेलं.

हे एकाच शहरात नाही. नागपूर, चंदीगड, पंचकुला अशा शहरांत सफाई कामगारांच्या मनगटावर अशी घड्याळं बांधली गेली आणि कामगारांनी त्याविरुद्ध आवाजही उठवला. ज्या नागपुरात 1956 साली बाबासाहेबांनी आपल्याला माणूसपणाची दीक्षा दिली, त्याच नागपुरात झाडूवाल्याच्या मनगटाला पट्टा बांधावा लागतो. आणि आपल्यातलेच काही शिकलेले मित्र म्हणतात, "त्यात काय एवढं? तंत्रज्ञान आहे. घड्याळाला कुठे जात असते?"

खरंय, घड्याळाला जात नसते. त्यातला क्वार्ट्जचा तुकडा सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो, साहेबाच्या मनगटावरही आणि मावशींच्याही. पण घड्याळ कुणी कुणाला बांधायचं आणि ते कुणी वाचायचं, हे मात्र या देशात जातीनेच ठरत आलेलं आहे.

सावलीचं घड्याळ

यंत्राचं घड्याळ येण्याआधी माणूस सावलीवरून वेळ ओळखायचा. सकाळी सावली लांब, दुपारी आखूड, तिसऱ्या प्रहरानंतर पुन्हा लांब. यात विज्ञान आहे. ब्राह्मणी व्यवस्थेने त्याचं काय केलं बघा. पेशवाईत पुण्याच्या वेशीच्या आत महार-मांगांना सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीननंतर येण्याची मनाई होती, अशी नोंद समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी केली आहे. कारण काय, तर त्या वेळी सावली लांब पडते आणि ती सवर्णाच्या अंगावर पडली तर तो बाटतो! समाजशास्त्र शिकताना हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आमच्या पूर्वजांचं शरीर हेच त्यांचं घड्याळ होतं. आपली सावली किती लांब झाली हे बघत शहरातून बाहेर पडायचं. वेळ चुकली तर शिक्षा.

दुसरीकडे गावगाड्यात उलटाच प्रकार. तिथे वेळेची मर्यादाच नाही. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी विधेयक मांडलं. वतनाच्या चाकरीला कामाचे तास ठरलेले नाहीत, हा त्यांचा मोठा आक्षेप होता. दिवसा-रात्री कधीही हाक आली की जायचं. तो घरी नसेल तर बापाने किंवा घरातल्या दुसऱ्या कुणी जायचं. म्हणजे एका माणसाचे चोवीस तास तर सोडाच, अख्ख्या घराचे चोवीस तास गावाच्या मालकीचे.

म्हणजे शहरात यायला वेळ मोजून मिळायची आणि गावात राबायला वेळ मोजलीच जायची नाही. दोन्हीकडे आपली वेळ आपली नव्हती.

घटिका कुणी मोजायची?

तांब्याची वाटी, तिच्या बुडाला बारीक भोक. ती पाण्यावर सोडली की हळूहळू भरते आणि 24 मिनिटांनी बुडते. ही एक घटिका. अशा साठ घटिका म्हणजे एक दिवसरात्र. साधं, हुशारीचं यंत्र आहे. कुंभार, तांबट, सोनार यांच्यासारख्या हातांनी काम करणाऱ्यांच्या अकलेतून अशा वस्तू घडतात. पण वाटी बुडाली हे जाहीर करायचा हक्क भटाचा, आणि ती घटिका शुभ की अशुभ हे सांगायची दक्षिणाही त्याचीच. पाण्याच्या वाटीवर हजारो वर्षांची जहागिरी उभी केली!

जोतीराव फुल्यांनी 1873 साली सत्यशोधक समाज काढला आणि भटाशिवाय लग्नं लावायला सुरुवात केली. हा मुहूर्ताच्या मक्तेदारीवरचा घाव होता. बौद्ध धम्मात तर मुहूर्ताला जागाच नाही. आता जरा आपल्या घरातल्या लग्नपत्रिका काढून बघा. वर तथागत आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली "दुपारी 12 वाजून 35 मिनिटांनी". ही 35 मिनिटं कुठून आली? पंचांगातून आली, दुसरीकडून कुठून येणार? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात पंचांग मागच्या दाराने शिरलेलं आहे.

तास हिसकावून घेतलेले आहेत

कामाच्या तासांची मोजणी आपल्याला कुणी दान दिलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चालायचं. 1884 साली सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या मागण्या मांडल्या: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहाच्या आधी काम नाही. रविवार मिळायला 10 जून 1890 उजाडावा लागला. आज रविवारी घरी बसून "कामगार आळशी झालेत" म्हणणाऱ्यांना हा रविवार कुणी मिळवून दिला हे ठाऊक नसतं.

1 जानेवारी 1906 ला भारतीय प्रमाणवेळ आली आणि ती जुन्या मुंबई वेळेच्या 39 मिनिटं पुढे होती. त्याच महिन्यात हजारो गिरणी कामगारांनी माग बंद ठेवले, गिरण्यांवर दगडफेक केली. अडाणी म्हणून हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नाही. काटा 39 मिनिटं पुढे सरकला म्हणजे झोपेतली 39 मिनिटं गेली, हे त्यांना कळलं होतं. ज्याला पोट हातावर घेऊन जगायचं असतं त्याला घड्याळाचं राजकारण लवकर समजतं.

आणि मग बाबासाहेब. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. व्हॉट्सॲपवर आपण "बाबासाहेबांनी 14 तासांचे 8 तास केले" असं फिरवतो. मित्रांनो, बाबासाहेबांचं मोठेपण सिद्ध करायला आकडा फुगवायची गरज नाही. 1934 च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याला 54 तास होते, ते 1946 च्या दुरुस्तीने 48 झाले. दर आठवड्याला सहा तास मालकाकडून काढून कामगाराला दिले. खरा आकडा सांगा, तोच विरोधकाला खोडता येत नाही.

त्याच 1946 साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून तिथे सकाळचे वर्ग होते. ही दोन कामं एकत्र ठेवून बघा. एका हाताने कामाचे तास कमी केले, दुसऱ्या हाताने शिकण्याचे तास उघडले. "शिका" म्हणायला तोंड लागतं, शिकायला वेळ लागतो.

आता काटे उलटे फिरवताहेत

सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने खासगी उद्योगांत रोजचे कामाचे तास 9 वरून 12 पर्यंत नेण्याला मान्यता दिली. दुकानं आणि आस्थापनांत 9 वरून 10. तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा 115 तासांवरून 144. कामगाराची लेखी संमती घेऊ, असं सांगितलं गेलं. कंत्राटावरच्या पोराची संमती! ज्याचं काम उद्या राहील की नाही याची खात्री नाही तो सही करणार नाही तर काय करणार?

बारा तास काम आणि जाण्यायेण्याचे तीन तास धरा. उरले नऊ. त्यात झोप, जेवण, अंघोळ, लेकरं. आता त्यात रात्रीचं कॉलेज, विहार, वाचनालय, मोर्चा बसवून दाखवा. बाबासाहेबांनी मिळवून दिलेले तास असे जातात. गाजावाजा न करता, एका सहीने.

आक्षेप येतो: "काही कामगार हजेरी लावून पळतात, बदली माणूस पाठवतात. घड्याळाने ते थांबलं." थांबलं असेल. मग तेच घड्याळ कार्यालयात अकराला येणाऱ्या साहेबाला का नाही? कागदावर शंभर माणसं दाखवून सत्तर कामावर ठेवणाऱ्या ठेकेदाराला का नाही? मावशी बीटवरून हलल्या हे ज्या पडद्यावर दिसतं, त्याच पडद्यावर त्या आठ तासांनंतरही कामावर होत्या हेही दिसतं. मग जादा वेळेचा मोबदला का निघत नाही? 2013 च्या कायद्याने गटारात माणूस उतरवायला बंदी आहे. गटारातल्या मृत्यूसाठी 30 लाखांची भरपाई द्या असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलं. तरी माणसं मरताहेत. दोन गल्ल्या पलीकडच्या मुतारीपर्यंत माणूस शोधणारी यंत्रणा मॅनहोलमध्ये उतरवलेल्या माणसाजवळ आंधळी कशी होते?

ती आंधळी होत नाही. तिला जे बघायला सांगितलंय तेवढंच ती बघते.

आपण काय करायचं?

घड्याळ फोडा असं मी म्हणत नाही. वतनाच्या चाकरीतून आलेल्या समाजाला मोजलेल्या तासांची किंमत कळते. न मोजलेली वेळ मालकाचीच होते. म्हणून मागणी ही हवी की घड्याळातली नोंद कामगारालाही मिळाली पाहिजे, महिन्याच्या पगारपत्रकासोबत, छापील, मराठीत. त्या नोंदीवर जादा कामाचा दुप्पट दर मागता आला पाहिजे. मुतारी, पाणी आणि विश्रांतीची वेळ त्यात कामाची वेळ म्हणून धरली पाहिजे. ड्युटी संपली की पट्टा मनगटावरून उतरला पाहिजे.

ते मिळेपर्यंत वस्तीतल्या प्रत्येक तरुणाने एक काम करावं. घरातल्या कामगाराच्या नावाने दहा रुपयांची वही घ्यावी आणि रोज कामावर गेल्याची व सुटल्याची वेळ लिहून ठेवावी. आमच्याकडे तीन मावशींच्या वह्या सुरू आहेत. त्यातली एक लिहायला सातवीतली नात बसते.

आणि शेवटचं, आपल्याच लोकांसाठी. आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर "ठीक सहा वाजता" छापतो आणि प्रमुख वक्ते साडेआठला येतात. समोर सतरंजीवर बसलेल्या बाईला पहाटे चारला उठायचं असतं. तिचे अडीच तास आपण फुकट घेतो आणि वर तिलाच समतेवर भाषण ऐकवतो. तिची वेळ आपणही मोजत नसू, तर ठेकेदाराशी कोणत्या तोंडाने भांडणार?

पुढच्या कार्यक्रमाला सहा म्हणजे सहा. वक्ते आले नसतील तर मावशींना बोलायला उभं करा. त्यांच्याकडे सांगण्यासारखं जास्त आहे.

जय भीम!