कलाकृतीचा दाखला आणि मारानेल्लोची लाल गाडी

२०१९ च्या जून महिन्यात इटलीतील बोलोन्या येथील न्यायालयाने एका मोटारगाडीला कलाकृती म्हणून मान्यता दिली. गाडी १९६२ सालची, फेरारी २५० जीटीओ. मोदेना परिसरातील एक कंपनी तिच्या रूपाबरहुकूम नव्या गाड्या बांधण्याच्या विचारात होती. फेरारीने हरकत घेतली, आणि चित्राला किंवा शिल्पाला मिळावे तसे स्वामित्वहक्काचे संरक्षण त्या गाडीच्या आकाराला मिळाले. ही बातमी गंमत म्हणून वाचून सोडून देण्यासारखी होती. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र तिच्यापाशी थोडे थांबायला हवे. ‘कलाकृती’ हा शब्द वर्षानुवर्षे वर्गात वापरून आपण जवळजवळ आपल्या मालकीचा करून टाकला आहे, आणि तो आता कारखानदाराच्या दाव्यात पुरावा म्हणून उभा राहिला आहे.

माझे मत आरंभीच सांगतो. हा निकाल कायद्याच्या अंगाने बिनतोड असेलही. सौंदर्यविचाराच्या अंगाने तो घोटाळ्यात टाकणारा आहे, आणि त्या घोटाळ्यात काही माणसांचे मरण दिसेनासे होते, ही माझी खरी तक्रार आहे.

आधी कर्तृत्वाचा प्रश्न. कलाकृती म्हटली की तिचा कर्ता कोण, हे विचारणे आलेच. २५० जीटीओचे काम जोत्तो बिझ्झारिनी ह्या अभियंत्याने सुरू केले. १९६१ च्या अखेरीस कारखान्यात मोठे भांडण झाले आणि बिझ्झारिनीसह बरीच ज्येष्ठ मंडळी एकदमच बाहेर पडली. अपुरे राहिलेले काम माउरो फोर्गिएरी ह्या पंचविशीतल्या तरुणाच्या हाती आले. गाडीचा देह घडवला तो सेर्जो स्काल्येत्ती ह्या पत्र्याच्या कारागिराने. वाळूच्या पोत्यांवर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून, आराखड्यापेक्षा नजरेवर अधिक भिस्त ठेवून त्याच्या माणसांनी हे काम केले. त्यामुळे दोन जीटीओ शेजारी उभ्या केल्या तर त्या तंतोतंत सारख्या भरत नाहीत. आता ह्यांतला कर्ता कोणता? महाभारताच्या संहितेविषयी आपण विचारतो तसाच हा प्रश्न आहे. तिथे व्यासांचे नाव आहे, इथे एन्झो फेरारीचे. निकालाने हक्क दिला तो अर्थातच कंपनीला.

पाठचिकित्सा करणाऱ्यांना पुढचा तपशील अधिक रुचेल. जीटीओ ही अक्षरे ‘ग्रान तुरिस्मो ओमोलोगाता’ ह्या शब्दांची. ‘ओमोलोगाता’ म्हणजे शर्यतीच्या त्या वर्गासाठी अधिकृत मान्यता मिळालेली. मान्यतेची अट अशी होती की त्या नमुन्याच्या शंभर तरी गाड्या तयार झालेल्या असाव्यात. फेरारीने १९६२ ते १९६४ ह्या काळात जेमतेम ३६ जीटीओ बांधल्या. मग मान्यता मिळाली कशी? ही नवी गाडी नसून आमच्या जुन्या २५० जीटीचेच सुधारित रूप आहे, असे कंपनीने नियामकांना सांगितले. म्हणजे नियमाच्या पुस्तकात ही गाडी जुन्या संहितेचा एक पाठभेद म्हणून दाखल झाली. पुढे २५० एलएम ह्या गाडीसाठी हाच युक्तिवाद केला गेला तेव्हा नियामकांनी तो मानला नाही. संतापलेल्या एन्झोने १९६४ च्या हंगामातील शेवटच्या दोन शर्यतींत आपल्या गाड्या इटलीच्या लाल रंगाऐवजी निळ्या-पांढऱ्या रंगात उतरवल्या, आणि त्या वर्षीचे विश्वविजेतेपद जॉन सर्टीझने ह्या परक्या रंगात मिळवले. जी गाडी ‘मी कुणाची तरी आवृत्ती आहे’ असे सांगून जन्माला आली, तिची आवृत्ती काढणे आज बेकायदा ठरावे, ह्यातला विनोद न्यायमूर्तींच्या लक्षात आला की नाही, कोण जाणे.

शिवाय ती जन्मतःच पूज्य नव्हती. शर्यतीची गाडी दोन-तीन हंगामांत जुनी होते, आणि जुनी झालेली जीटीओ म्हणजे भरपूर आवाज करणारी, घरात ठेवायला गैरसोयीची वस्तू. त्यांतली एक टेक्सासमधील व्हिक्टोरिया गावच्या शाळेला देणगी म्हणून मिळाली होती. मुलांनी तिच्यावर यंत्रदुरुस्ती शिकावी, हा हेतू. शाळेने १९७२ मध्ये ती काही हजार डॉलरला विकून टाकली, आणि पुढे कित्येक वर्षे ती ओहायोतील एका शेतात ट्रेलरवर उघड्यावर उभी होती. २०१८ साली दुसऱ्या एका जीटीओला लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलर मिळाले. वॉल्टर बेन्यामिनने यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे तेजोवलय विरत जाते असे मांडले होते. इथे यंत्राभोवतीच तेजोवलय आले, तेही पुनरुत्पादन थांबल्यावर. न्यायालयाने मान्यतेची मोहोर उमटवली ती ह्या वलयावर. ह्या प्रकरणाची एक मजेदार शेपटी अशी की युरोपीय संघाच्या बौद्धिक संपदा कार्यालयाने २०२० मध्ये ह्याच आकारावरील फेरारीची व्यापारचिन्हाची नोंदणी वापराअभावी बहुतांशी रद्द केली. ती उरली खेळण्यातल्या गाड्यांपुरती.

ती गाडी सुंदर आहे ह्यात मला शंका नाही. पण ते सौंदर्य कोणत्या जातीचे? इमान्युएल कांटने १७९० मध्ये सौंदर्याचे दोन प्रकार केले, आणि रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’मुळे ते मराठी विद्यार्थ्याला स्वायत्त आणि परायत्त सौंदर्य म्हणून परिचित आहेत. फूल पाहताना ते कशासाठी आहे, असे आपण विचारत नाही. इमारतीचे सौंदर्य मात्र ती कशासाठी आहे हे जाणल्याशिवाय कळत नाही. परायत्त सौंदर्याची उदाहरणे देताना कांटने माणूस आणि इमारत ह्यांच्याबरोबर घोडाही घेतला आहे, आणि फेरारीच्या बोधचिन्हावर घोडाच आहे, हा योगायोग मला फार आवडतो. जीटीओची प्रत्येक रेषा सहेतुक आहे. नाक लांब आणि खाली झुकलेले, कारण हवा कापायची आहे. नाकावरच्या तीन अर्धगोल फटी इंजिनाला अधिक हवा मिळावी म्हणून. गरज नसेल तेव्हा त्या झाकून टाकायच्या. मागचा भाग छाटल्यासारखा आणि त्यावर वर वळलेली कड, कारण वेगात गाडीची मागची चाके जमिनीला धरून राहिली पाहिजेत. तीन लिटरचे, बारा सिलिंडरचे, सुमारे ३०० अश्वशक्तीचे इंजिन पुढे बसवायचे म्हणून बॉनेट एवढे लांब. हेतू काढून घेतला तर ह्या रेषा नुसत्या डौलदार उरतात. कलाकृतीच्या दाखल्याने नेमका हेतू काढून घेतला जातो.

हेतू होता जिंकण्याचा, आणि तो एका माणसाचा होता. एन्झो फेरारी १८९८ मध्ये मोदेना येथे जन्मला. आल्फा रोमेओसाठी शर्यती धावला, १९२९ मध्ये स्वतःचा संघ काढला, १९३९ मध्ये आल्फातून बाहेर पडला तेव्हा चार वर्षे शर्यतींत स्वतःचे नाव न वापरण्याच्या अटीने बांधला गेला. त्याच्या नावाची पहिली गाडी मारानेल्लोच्या कारखान्यातून बाहेर आली ती १९४७ मध्ये. घोडा त्याचा नव्हता. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या फ्रांचेस्को बाराक्का ह्या वैमानिकाच्या विमानावरचा तो घोडा. वैमानिकाच्या आईने, शुभशकुन म्हणून, तो आपल्याला वापरायला सांगितला, अशी हकीकत स्वतः एन्झोने सांगितली आहे. लाल रंग इटलीच्या सगळ्याच शर्यती-गाड्यांचा. उसनवारीच्या सामग्रीतून मिथक उभे करण्याची त्याची हातोटी विलक्षण होती. तरुणपणी त्याला ऑपेरा-गायक किंवा क्रीडापत्रकार व्हायचे होते, आणि ह्या दोन्ही इच्छा त्याने निराळ्या रीतीने पुरवून घेतल्या असे म्हणता येईल. त्याने आठवणी लिहिल्या त्या जीटीओच्याच वर्षी, १९६२ मध्ये, आणि पुस्तकाला नाव दिले ‘माझे भीषण आनंद’. ह्या गाड्यांविषयी लिहिल्या गेलेल्या बहुतेक स्तुतिपाठांत ‘भीषण’ हा शब्द गाळलेला असतो.

१९५६ मध्ये त्याचा मुलगा दिनो स्नायूंच्या असाध्य आजाराने चोविसाव्या वर्षी गेला. पुढच्या मार्चमध्ये मोदेनाच्या चाचणीमार्गावर एउजेनिओ कास्तेल्लोत्ती ठार झाला. मे महिन्यात मिल्ले मिल्या ही ब्रेशा ते रोम आणि परत ब्रेशा अशी, सार्वजनिक रस्त्यांवरची हजार मैलांची शर्यत होती. शर्यत संपत आली असताना ग्विदिझ्झोलो गावाजवळच्या सरळ रस्त्यावर आल्फोन्सो दे पोर्तागोच्या फेरारीचा टायर फुटला. तो, त्याचा साथीदार एडमंड नेल्सन आणि रस्त्याकडेला उभे असलेले नऊ प्रेक्षक मेले. नवांपैकी पाच मुले होती. त्यानंतर ती शर्यत त्या रूपात बंद झाली. एन्झोवर मनुष्यवधाचा खटला चालला आणि १९६१ मध्ये तो निर्दोष सुटला. त्याआधी, १९५८ च्या उन्हाळ्यात, लुइजी मुस्सो आणि पीटर कॉलिन्स महिन्याभराच्या अंतराने मेले, आणि व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने एन्झोला स्वतःची मुले गिळणाऱ्या सॅटर्नची उपमा दिली. उपमा जरा भडक आहे, पण ती लिहिणाऱ्याला हेतू विसरता आला नव्हता.

ह्या आकर्षणाची मुळे साहित्यातही आहेत हे आपण मान्य केले पाहिजे. फिलिप्पो मारिनेत्तीने १९०९ च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या ‘ल फिगारो’त भविष्यवादाचा जाहीरनामा छापला आणि शर्यतीच्या गाडीला समोथ्रेसच्या विजयदेवतेहून सुंदर ठरवले. बोलोन्याच्या न्यायालयाने काही केले असेल तर मारिनेत्तीची आरोळी एकशे दहा वर्षांनी दप्तरी दाखल करून घेतली. रोलाँ बार्तने ‘मिथॉलॉजीज’मध्ये सित्रोएनच्या नव्या गाडीची तुलना गॉथिक कॅथीड्रलशी केली तेव्हा ती कौतुकापेक्षा निदान म्हणून केली होती. ते पुस्तक १९५७ चे, म्हणजे ग्विदिझ्झोलोच्याच वर्षाचे. मोटारगाडीचे मिथक वाचायचे कसे हे त्याने दाखवले खरे, पण त्याची गाडी प्रदर्शनात उभी होती. तिच्याखाली कोणी आलेले नव्हते.

आपल्याकडे हे मिथक आणखी धुऊनपुसून आले. २००२ मध्ये सचिन तेंडुलकरने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली म्हणून त्याला ३६० मोदेना ही फेरारी भेट मिळाली, मायकेल शूमाखरच्या हस्ते. आयातशुल्काच्या माफीवरून गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि शेवटी ते शुल्क फियाटने भरले. राजेश मापुसकरांच्या ‘फेरारी की सवारी’ (२०१२) ह्या चित्रपटात आरटीओतला एक पापभीरू पारशी कारकून मुलाच्या क्रिकेटसाठी ही गाडी लग्नाच्या वरातीपुरती पळवतो. चित्रपट गोड आहे आणि त्याने एक गोष्ट अचूक पकडली आहे: ती गाडी लोकांना चालवायची नसते, तिचे दर्शन घ्यायचे असते. मारानेल्लोचे आजचे अर्थशास्त्रही ह्यावरच उभे आहे. मागणीपेक्षा एक गाडी कमी बनवावी, हे सूत्र एन्झोच्या नावावर सांगितले जाते. तो १९८८ मध्ये वारला, आणि २०२४ मध्येही कंपनीने साऱ्या जगाला मिळून १३,७५२ गाड्या दिल्या. शेअर बाजारातले तिचे चिन्ह मात्र अजून ‘रेस’ हेच आहे.

ह्यावर कोणी म्हणेल की ताजमहालाच्या पायाशीही माणसे राबली, मग त्यालाही कलाकृती म्हणायचे नाही काय? म्हणावे. पण ताजमहाल कबर आहे हे त्याच्यापुढे उभे राहून विसरता येत नाही. जीटीओ ही शर्यतीची गाडी होती, तिच्या घराण्यातल्या गाड्यांनी माणसे मारली आणि ती शक्यता तिच्या प्रत्येक रेषेत हिशेबात धरलेली होती, हे संग्रहालयाच्या गुळगुळीत फरशीवर सहज विसरता येते. विसरले तर किंमतही चढते. की न विसरल्यामुळे चढते? २०१६ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये एक फेरारी ३३५ एस लिलावात निघाली. दे पोर्तागो ज्या नमुन्याच्या गाडीत मेला, त्याच नमुन्याची. तीही १९५७ च्या त्याच मिल्ले मिल्यात धावली होती. वोल्फगांग फॉन ट्रिप्स तिच्यात दुसरा आला होता. चार वर्षांनी मोंझा येथे, दुसऱ्या एका फेरारीत, तो आणि पंधरा प्रेक्षक ठार झाले. पॅरिसच्या त्या लिलावात गाडीला ३ कोटी २० लाख युरोंहून अधिक किंमत आली. अशा विक्रीत गाडी कोणकोणत्या शर्यतींत धावली ह्याची यादी फार जपून दिलेली असते, कारण किंमत तिच्यावरच ठरते.