ब्रेक मोठा हवा की चांगला?

मंडळी, मोटरसायकलच्या ब्रेकवर आजोबा लोकांनी कशाला बोलावं, असं कुणाला वाटेल. पण रस्त्यात काही झालं तर फोन शेवटी घरच्यांनाच येतो. तेव्हा थोडं बोलायचा हक्क आपल्यालाही आहे!

सध्या मुलांमध्ये गाडीचे ब्रेक 'अपग्रेड' करायची लाट आहे. आमच्या नातवाचीही यादी तयार आहे: मोठी डिस्क, चार पिस्टनचा कॅलिपर, स्टीलच्या जाळीचा होज पाइप. गाडी दीडशे सीसीची, पाच वर्षं वापरलेली, आणि टायर मात्र मूळचेच, गुळगुळीत व्हायला आलेले.

कानठळ्या बसवणाऱ्या सायलेन्सरवर पैसे घालवण्यापेक्षा ब्रेकवर घालवलेले केव्हाही बरे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं म्हणणं एवढंच, की यादीचा क्रम उलटा आहे.

डिस्क थांबवते ती चाकाला. गाडीला थांबवतो तो टायर, आणि तोही तळहाताएवढ्या जागेवर रस्त्याला टेकलेला. पुढचा ब्रेक जोरात दाबल्यावर चाक आताच अडकत असेल, किंवा एबीएस थरथरत असेल, तर ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. मग डिस्क आणखी मोठी करून गाडी काही आधी थांबणार नाही. म्हणून पहिला खर्च टायरचा. झिजलेला, कडक झालेला टायर पावसात ताम्हिणीच्या वळणावर काय करेल, ते कुठलाही कॅलिपर सावरू शकत नाही.

दुसरा खर्च पॅडचा. झिजलेले किंवा तेलकट झालेले पॅड बदलले की निम्म्या तक्रारी मिटतात. सिंटर्ड, म्हणजे धातूची भुकटी दाबून केलेले पॅड ओल्यात आणि तापल्यावर चांगले चालतात. पण ते डिस्क जास्त खातात. तुमच्या डिस्कला ते चालतील का, हे आधी विचारून घ्यावं.

तिसरी गोष्ट ब्रेक ऑइल. याकडे तर कुणी बघतच नाही. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. पाणी शोषलेल्यासाठी हीच मर्यादा १५५ वर येते. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे महाभाग सगळा भार ब्रेकवर टाकतात. ऑइल उकळलं की त्यात बुडबुडे होतात आणि लिव्हर थेट हँडलला टेकते. दोन वर्षांनी ऑइल बदलायला खर्च तो किती? आणि आकडा मोठा म्हणजे माल भारी, असं समजून डॉट ५ घालू नका. ते सिलिकॉनचं असतं, डॉट ३ किंवा ४ च्या गाडीत चालत नाही.

चौथा होज पाइप. जुना रबरी पाइप दाबाखाली थोडा फुगतो, म्हणून लिव्हर मऊ लागते. जाळीचा पाइप फुगत नाही, त्यामुळे बोटांना नेमका अंदाज येतो. हा खर्च मला पटतो.

हे सगळं झाल्यावर मग डिस्क आणि कॅलिपर. तेही जोडीनं जुळायला हवेत. पिस्टन मोठे झाले आणि वरचा मास्टर सिलिंडर तोच राहिला, तर जास्त ऑइल ढकलावं लागतं आणि लिव्हर खोलवर जाते. एबीएसचा सेन्सर जागेवर बसला नाही तर तीही सोय गेली. १२५ सीसीवरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचा झाला तो १ एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलना आणि १ एप्रिल २०१९ पासून सगळ्याच नव्या गाड्यांना. तो काही उगाच नव्हे. इटलीच्या ब्रेम्बो कंपनीचे 'बायब्रे' कॅलिपर आपल्या पुण्याजवळच तयार होतात, ते उत्तमच. पण दुसऱ्या गाडीला शोभणारा कॅलिपर आपल्या गाडीला जुळेलच असं नाही. नुसता सोनेरी रंग पाहून घेऊ नये.

आणि सगळ्यात स्वस्त सुधारणा हाताची. "पुढचा ब्रेक लावू नको, पालथा पडशील," हा उपदेश सायकलच्या काळापासून घराघरात चालत आला आहे. पण ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवण्याचं बरंचसं काम तेच करतं. आपण मराठीत 'ब्रेक मारतो' म्हणतो ना, तिथेच गडबड आहे. ब्रेक मारायचा नसतो, दाबायचा असतो. आधी हलका, मग वाढवत.

शिवाय साधं गणित: ताशी ४० वरून थांबायला जेवढं अंतर लागतं, त्याच्या सव्वादोन पट ६० वरून लागतं. ६० च्या वेगात एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर जाते, म्हणजे बोटं लिव्हरवर पोचेपर्यंतच. हे १७ मीटर कुठल्याही दुकानात विकत मिळत नाहीत.

असो. मुलांनी हौस जरूर करावी. पण घरच्या मोठ्यांनी पैसे देताना आधी टायरवरून हात फिरवून बघावा, ऑइल कधी बदललं ते विचारावं, आणि एखाद्या रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात पोराला दहा वेळा थांबून दाखवायला सांगावं. डिस्कचं मग बघू.