जिवाणी आणि काचेतील समुद्र

पाणी गाळून पिण्याची रीत आपल्या घरांना नवी नाही. मात्र गाळण्याबरोबर येणारे दुसरे कर्तव्य नळाच्या काळात मागे पडले. गाळण्यावर राहिलेले सूक्ष्म जीव, म्हणजे जिवाणी, ज्या विहिरीचे पाणी असेल त्याच विहिरीत अलगद परत सोडावयाचे. एका पाण्यातील जीव दुसऱ्या पाण्यात टिकेलच असे नाही, एवढी साधी जाणीव त्यामागे होती.

दहावीच्या यशाचे बक्षीस म्हणून नातवाने यंदा खाऱ्या पाण्याचे मत्स्यपात्र मागितले, तेव्हा ही जिवाणी मला पुन्हा आठवली. त्याला नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या क्लाउन माशांची जोडी हवी होती आणि त्यांच्या निवाऱ्यासाठी एक समुद्रपुष्प.

हे कुतूहल निंद्य नाही. समुद्रपुष्प दिसते फुलासारखे, परंतु तो प्राणी आहे. त्याच्या शुंडकांतील डंखपेशी लहान माशांचा जीव घेतात. क्लाउन मासा मात्र अंगावरील श्लेष्माच्या आवरणामुळे त्यांत निर्धास्त राहतो, आणि मोबदल्यात समुद्रपुष्पाचे लचके तोडणाऱ्या माशांना हुसकावतो. समुद्रपुष्पाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वसते. ते प्रकाशापासून अन्न तयार करून यजमानाला देते, आणि माशाच्या मलमूत्रातून त्या शैवालास पोषण मिळते. जीवांच्या परस्पर उपकाराचे याहून सुंदर उदाहरण क्वचितच आढळेल.

परंतु हा संसार काचेत मांडावयाचा, तर आधी समुद्र निर्माण करावा लागतो. भांडवल, जागा आणि जोखीम न पाहता आपण दुकान थाटत नाही. येथेही तोच हिशेब हवा. समुद्रपुष्प ठेवावयाचे असेल तर पात्र दीडशे-दोनशे लिटरांचे तरी असावे, कारण थोडे पाणी लवकर बिघडते. काच, दगड व पाणी मिळून हे वजन अडीचशे किलोंच्या पुढे जाते. शुद्ध केलेल्या पाण्यात सागरी मिश्र मीठ लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम घालावे; स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. तापमान २५-२६ अंश राखावयाचे, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात पाणी थंड करणारे यंत्र आले. पाणी आटते, पण मीठ मागेच राहते. म्हणून रोजची भर गोड्या शुद्ध पाण्याची घालावी. वीज गेल्यास प्राणवायूसाठी बॅटरीवरील पंप हवा.

त्याहून मोठी गरज धीराची. माशांच्या उत्सर्गातून होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू पात्रात स्थिरावण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासा आणू नये. समुद्रपुष्प तर सहा महिने ते वर्षभर पाणी स्थिर राहिल्यावरच आणावे. ते जागा बदलत सरकते, उघड्या पंपात सापडून चिरडते, आणि मेले तर सारे पाणी नासवते. पात्रातील क्लाउन माशाला त्याची निकड नसते. त्याच्यावाचूनही तो सुखाने राहतो.

आता व्रताचा प्रश्न. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण जाणतो: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. काचेत कोंडणे हा बंधच. समुद्रातून पकडलेला मासा विकत घेणे म्हणजे त्या पकडीचे अनुमोदन, आणि आग्नेय आशियात तर शोभेचे मासे सायनाइडने गुंगवून पकडल्याचे प्रकार सर्वज्ञात आहेत. क्लाउन माशांची पैदास मात्र बंदिस्त जागेत होऊ शकते. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही तिचे तंत्र विकसित केले आहे. त्यामुळे हा दोष कमी होतो, नाहीसा होत नाही. खडक बांधणारी प्रवाळे तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती कोणी देऊ केली तरी घेऊ नयेत.

अन्नाची गाठ सर्वांत अवघड. क्लाउन मासा शैवाल खातो, तसेच सूक्ष्म जलचरही खातो. दुकानातील त्याच्या खाद्यात बहुधा माशांची भुकटी वा कोळंबी असते. ते घरात आणावे, तर शीतकपाटात काय ठेवले जाईल? आणि न आणावे, तर अन्नपाननिरोधाचा दोष कोणाच्या माथी?

जबाबदारीची मुदतही पाहावी. स्कॉटलंडचे निसर्गाभ्यासक सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ साली किनाऱ्यावरून आणलेले एक समुद्रपुष्प काचेच्या भांड्यात १८८७ पर्यंत जगले. स्वतः डॅलिएल १८५१ मध्येच निवर्तले. पुढे ते इतरांनी सांभाळले.

हे सारे मी नातवापुढे मांडले. त्याने वहीत दोन रकाने आखले, आणि समुद्रपुष्पावर स्वतःच रेघ मारली. अन्नाच्या ओळीपाशी मात्र तो थांबला. “आजोबा, हे पर्युषणानंतर ठरवू,” म्हणाला. दिवाणखान्यातील तो कोपरा अजून रिकामा आहे. आपल्याही घरी अशी मागणी आली, तर नकार वा होकार देण्याआधी ही वही मुलाच्या हाती द्यावी, एवढेच सुचवतो.