कॉन्व्हेंटचं दार संध्याकाळीही उघडावं



‘कॉन्व्हेंट शाळांचा वऱ्हाडातल्या समाजाशी संबंध फक्त फीपुरता’ हा गेल्या अंकातल्या पत्राचा सूर अर्धाच पटण्याजोगा आहे.

अमरावती आणि अकोला, दोन्हीकडे होली क्रॉस कॉन्व्हेंट आहे. या शाळा कॅथॉलिक परंपरेतल्या. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी कॅथॉलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शिक्षणावर जाहीरनामा काढला. त्यात शाळेकडे समुदाय म्हणून पाहिलं आहे. प्रौढांना शिकवणारी केंद्रं आणि गरिबांची काळजीही तिच्याच कामात धरली आहे. म्हणजे शाळेने समाजाशी जोडून घ्यावं, ही पत्रलेखकाची अपेक्षा या शाळांच्या परंपरेतलीच आहे, बाहेरून लादलेली नव्हे.

शिक्षण सगळ्यांपर्यंत नेणं वऱ्हाडाला तर जुनंच. शेंडगावला १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात प्रश्न विचारत विचारत मोठ्या माणसांना शिकवत. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली, ती बहुजनांच्या, शेतकऱ्यांच्या पोरांसाठी.

२०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सांगतं, की शाळा सुटल्यावर आणि सुटीच्या दिवशी इमारती प्रौढ शिक्षणासाठी वापराव्यात. केंद्र सरकारच्या ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षं आणि त्यावरील निरक्षरांना स्वयंसेवक शिकवतात. कॉन्व्हेंटमध्ये जागा आहे, फळा आहे, शिकवायला माजी विद्यार्थीही मिळतील.

तेव्हा नुसत्या टीकेपेक्षा नेमकी मागणी हवी: संध्याकाळचे वर्ग, तेही मराठीत आणि बिनफीचे. वाचन, हिशेब, बँकेचा अर्ज, मोबाइलवरचे व्यवहार शिकवणारे. दोन्ही शहरांतल्या पालकांनी पुढच्या पालकसभेत हा विषय मांडावा.

– एक पालक, अकोला