वजनच झिजलेले असेल तर…

मंचर किंवा नारायणगावच्या बाजारात झिजलेल्या वजनाने माल तोलला, तर हिशेब चुकणारच. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा माग मायक्रो-आरएनए या इवल्या रेणूंवरून काढतानाही तोच धोका असतो. दर नमुन्यात पेशी कमी-जास्त येतात, म्हणून तुलनेसाठी न बदलणारे 'संदर्भ जनुक' लागते. सर्रास वापरला जाणारा यू६ आरएनए कर्करोगाच्या पेशींत स्वतःच बदलू शकतो. मग वाढलेले नक्की काय? निरोगी, कर्करोगपूर्व आणि कर्करोगग्रस्त अशा तिन्ही ऊतींत पडताळून दोन-तीन संदर्भ निवडणेच शहाणपणाचे. त्याला वेळ लागेल. तोवर जुन्नर-आंबेगावच्या डोंगरवाड्यांतील बायकांना ताटकळत ठेवण्याचे कारण नाही. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील, २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाच एचपीव्ही तपासणीने या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते.