आधी घर, मग विश्वास

रस्त्यावरून किंवा शेल्टरमधून सोडवलेला कुत्रा घरी आणला की पहिल्या चार दिवसांत घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "याला कदरच नाही!" मऊ गादी अंथरली तरी तो पलंगाखाली फरशीवर झोपतो. हात पुढे केला की मान वळवतो. वाटीतलं चिकन सगळे झोपल्यावर खातो. मोबाइलवरच्या व्हिडिओंत पाहिलेलं ते शेपटी हलवणं, मांडीवर डोकं टेकणं काही घडत नाही. मग काही घरांत पुढचं वाक्य येतं, "परत देऊन टाकूया."

ते वाक्य तोंडातून निघण्याआधी हे वाचा.

तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने

कुत्रे दत्तक देणारे लोक ढोबळमानाने तीनाचा हिशेब सांगतात. पहिले तीन दिवस भीतीचे. त्याच्यासाठी घरातला प्रत्येक वास, मिक्सर, बेल, माणसं, सगळंच नवीन असतं. या दिवसांत एक शांत कोपरा, पाणी आणि जुनी चादर एवढं पुरे. आंघोळ नको, पाहुणे नकोत, फोटोसाठी उचलणं तर नकोच. गुरगुरला तर ओरडू नका. "जवळ येऊ नका" असं तो त्याच्या भाषेत सांगतोय, म्हणून थोडं मागे सरका. बाहेर नेताना पट्टा पक्का ठेवा आणि दार उघडताना सावध राहा, कारण घाबरलेला कुत्रा फट दिसली की पळतो. दिवसभरात काहीच खाल्लं-प्यायलं नाही तर मात्र डॉक्टरांना फोन करा.

पुढचे तीन आठवडे घर ओळखण्याचे. आता चप्पल चावली जाते, कोपऱ्यात सू होते. जेवण आणि फिरणं रोज ठरलेल्या वेळी ठेवा. रेबीजची लस, इतर लसी, जंताचं औषध यांचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या. साधारण तीन महिन्यांनी तो घराला आपलं मानायला लागतो.

अर्थात हे काही पंचांग नव्हे. मार खाल्लेल्या कुत्र्याला वर्षही लागू शकतं.

एकच शब्द

मराठी बायबलमध्ये देवावरच्या श्रद्धेसाठी 'विश्वास' हा शब्द येतो. कुत्रा माणसावर ठेवतो त्यालाही आपण विश्वासच म्हणतो. आमच्या घरी तीन वर्षांची एक इंडी कुत्री आली, तेव्हा मला या शब्दाचा अर्थ नव्याने कळला.

तिला आधी दोन घरांनी परत केलं होतं. आमच्याकडे ती आठ दिवस दिवाणाखालून बाहेर येईना. बाबा म्हणाले, "तिला इथे त्रासच होतोय, परत नेलेलं बरं." आजी म्हणाली, "अजून थोडं थांबूया."

आजी रोज संध्याकाळी सात वाजता जपमाळ घेऊन बसते. तेच शब्द, तोच संथ सूर. कुणी उठत नाही, कुणी कुत्रीकडे बघत नाही. नवव्या संध्याकाळी दिवाणाखालून नाक बाहेर आलं. आणखी चार दिवसांनी ती आजीच्या पायांपासून हातभर अंतरावर येऊन बसली. आजीने ना प्रार्थना थांबवली, ना हात पुढे केला. यात चमत्कार काही नाही. रोज त्याच वेळी येणारा, कधीही न चढणारा आवाज घाबरलेल्या जनावराला कळतो. इथून धोका नाही, एवढं त्याला पुरतं.

आजीला 'थांबूया' म्हणणं सोपं गेलं, कारण तिच्या श्रद्धेत कृपा आधी येते. कृपा म्हणजे न कमावता मिळालेली माया. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत मुलगा "मला चाकर म्हणून ठेवा" हे वाक्य ठरवून घरी येतो. ते वाक्य तोंडातून निघण्याआधीच बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. आधी घर मिळतं, लायकी कुणी विचारत नाही.

कुत्र्याला पाप-पश्चात्ताप ठाऊक नसतो, तेव्हा ही तुलना फार ताणू नये. शिवाय नव्या कुत्र्याला धावत जाऊन मिठी मारणं हा चावा घेण्याचा खात्रीचा मार्ग आहे! त्याच्यासाठी दुसरं चित्र बरं. प्रकटीकरणाच्या पुस्तकात येशू दाराशी उभा राहून ठोठावतो. दार आतल्याने उघडायचं असतं. तसंच कुत्र्याशेजारी जरा तिरकं बसावं, नजर रोखू नये, खाऊचा एक तुकडा जमिनीवर ठेवावा आणि वाट बघावी.

नाताळ येतोय म्हणून

पहिला सण नव्या कुत्र्याला जड जातो. प्लम केकमधले बेदाणे-मनुका कुत्र्यांच्या किडनीला घातक ठरू शकतात. चॉकलेटही विषारी असतं. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडांचे टोकदार तुकडे आतड्यात रुततात. तेव्हा लहान मुलांना आणि पाहुण्यांना आधीच बजावून ठेवा. फटाके वाजत असतील तेव्हा खिडक्या बंद, पंखा किंवा टीव्ही चालू आणि त्याचा कोपरा मोकळा. मध्यरात्रीच्या मिस्साला सगळे जाणार असाल तर घरी कुणीतरी थांबा. ज्याच्या जन्माला सरायत जागा मिळाली नाही, त्याच्या वाढदिवशी घरातला सगळ्यात घाबरलेला जीव एकटा राहू नये.

भाकरी आणणारा कुत्रा

बऱ्याच चर्चमध्ये संत रॉक यांची मूर्ती असते. त्यांचा सण 16 ऑगस्टला येतो. मूर्तीच्या पायाशी कुत्रा असतो आणि पुष्कळदा त्याच्या तोंडात भाकरी असते. परंपरा सांगते की प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना रॉक स्वतः आजारी पडले आणि रानात एकटे राहिले. तेव्हा एक कुत्रा रोज त्यांच्यासाठी भाकरी आणायचा. या माणसाने आपल्यासाठी काय केलं, हे त्या कुत्र्याने विचारलं नाही.

तुमच्या पलंगाखाली लपलेल्या जिवाचंही तेवढंच मागणं आहे. त्याने आभार मानावेत म्हणून थांबू नका. आज रात्री वाटी भरा, दिवा मंद करा आणि झोपायला जा. सकाळी वाटी रिकामी दिसली, तर पहिल्या आठवड्यासाठी तेवढा विश्वास पुष्कळ आहे.