वही जळाली तरी...

मंडळी, दुकानाला आग लागली की काय काय जळतं? माल जळतो, फळ्या जळतात, काटा जातो. हे सगळं पंचनाम्यात येतं. पण आमच्या मानोऱ्यासारख्या गावात आणखी एक गोष्ट जळते... उधारीची वही! सोयाबीन, तूर विकली जाईपर्यंत कितीतरी घरांचा किराणा वहीवरच चालतो. ती वही कोण मोजणार?

२६ मार्च २०२१ च्या रात्री पुण्याच्या कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर शेकडो छोटी दुकानं जळाली. त्याच वर्षी जुलैत चिपळूणची बाजारपेठ पुरात बुडाली. त्या पुरानंतर सरकारने दुकानदाराला जास्तीत जास्त ५०,००० आणि टपरीवाल्याला १०,००० रुपयांपर्यंत मदत जाहीर केली. मदत हवीच, पण तेवढ्यात दुकान पुन्हा भरत नाही हो.

अशा वेळी आपण धान्य, कपडे गोळा करतो. त्याने घर चालेल, दुकान नाही. दुकानाला भांडवल लागतं, आणि त्यातलं थोडं आपल्याच खिशात असतं. आपल्या नावावरचा आकडा आपल्याला पाठ असतोच ना? तो न मागता नेऊन द्यावा. आज जमत नसेल तर निदान "माझ्याकडे इतके आहेत" एवढं लिहून द्यावं. ज्याला जमेल त्याने पुढच्या महिन्याचे पैसे आगाऊ द्यावेत. ठोक व्यापाऱ्याने एक खेप उधार द्यावी.

यात उपकार कसला? नापिकीच्या वर्षी याच माणसाने आपल्याला वहीवर सांभाळलेलं असतं. वही जळते, देणं जळत नाही. पटतंय का बघा!